अंतराळातील नौका आणि आपले दार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पोशेरा येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मुभाही दिली. मजजवळ विद्वत्ता नाही. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि याच डोंगरपट्ट्यातील शाळांत पस्तीसहून अधिक वर्षे मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली. निवृत्तीनंतर नागलीचे शेत, सायंकाळचे वाचन आणि मंडळाचे काम यांत दिवस जातो. तेव्हा आज मी ज्ञातीचा इतिहास सांगणार नाही, की पूर्वजांचा गौरव गाणार नाही. ते काम माझ्याहून योग्य वक्त्यांनी यापूर्वी केले आहे. मी आपणांशी बोलणार आहे ते एका परदेशी दूरचित्रवाणी मालिकेविषयी. विषय ऐकून मागच्या रांगेत कोणी हसले ते मला दिसले. हसणाऱ्यांत त्या काळी ती मालिका माझ्यासमवेत पाहणारे दोघे तिघे आहेत, हेही मी ओळखले!

मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी तिचा शेवटचा भाग दाखविला गेला. तीन वर्षांत एकूण ७९ भाग झाले. जीन रॉडनबेरी हे तिचे निर्माते. कथा अशी की, आजपासून काही शतकांनी मनुष्यजात ‘एन्टरप्राइज’ नावाची एक प्रचंड नौका घेऊन ताऱ्यांच्या प्रवासास निघते. नौकेवर सुमारे ४३० माणसे. कप्तान कर्क हा तिचा नायक. त्याच्या शेजारी लांब टोकदार कानांचा, कधीही न रागावणारा आणि कधीही न हसणारा स्पॉक. हा दुसऱ्या ग्रहावरचा. त्याशिवाय तापट पण दयाळू डॉक्टर मॅकॉय आणि इतर मंडळी. दर भागात नवा ग्रह, नवे संकट आणि त्यातून सुटका.

आपल्याकडे ही मालिका दूरदर्शनने १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दाखविली. ‘रामायण’ सुरू झाले ते २५ जानेवारी १९८७ रोजी. त्या रविवारची गर्दी सर्वांस आठवते. परंतु त्यापूर्वीच्या आमच्या रविवारची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ती आज काढावी असा माझा मानस आहे, कारण तिच्यात माझ्याकडून राहिलेला एक हिशोब आहे.

१९८५च्या सुमाराची गोष्ट. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. परंतु आमच्या डोंगरात चित्रपेटी येण्यास पुढे बरीच वर्षे गेली. माझ्या चुलत्यांनी एक लहानशी, काळ्यापांढऱ्या चित्राची पेटी आणली. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून जीपगाडीची बॅटरी जोडून ती चालवीत. अंगणात उंच बांबू रोवून त्यावर ॲन्टेना बांधला होता. एक जण बांबू फिरवी, दुसरा दारातून ओरडे, “आले, आले! आता गेले!” पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे दिसे आणि त्या मुंग्यांतून ती नौका हळूहळू पुढे सरके. पावसाळ्यात तर आमच्याकडील धो धो पाऊस आणि पडद्यावरील पाऊस यांत भेद करणे कठीण होई.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वयाने मोठा झालो होतो. परंतु अंतराळाविषयी माझे ज्ञान बालकाएवढेच होते. त्या पेटीसमोर मी आणि माझ्या पुतण्यांचे वय एकच होते. आदल्याच वर्षी, १९८४च्या एप्रिलमध्ये, राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात जाऊन आले होते. त्यामुळे आकाशात जाणे ही गोष्ट आपल्यालाही अगदी परकी नाही, असे वाटू लागले होते.

मालिका इंग्रजीत होती. घरात मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला मी एकटा. साहजिकच अर्थ सांगण्याचे काम मजकडे आले. आज या सभेत मी कबूल करतो की, दहा वाक्यांतील दोन मला कळत. उरलेली आठ मी रचीत असे. कप्तान गंभीर झाला की मी म्हणे, “तो सांगतो आहे की इंधन संपत आले.” डॉक्टर चिडला की म्हणे, “औषध मिळेना.” मुलांचा माझ्यावर पूर्ण विश्वास. जो गुरुजी पाढे चुकत नाही तो हे कशास चुकेल?

आता बसण्याची व्यवस्था कशी होती ते सांगतो. आत सतरंजीवर आपल्या घरांतील मुले. त्यांच्या मागे बाया. पुरुष मंडळी भिंतीला टेकून. पाड्यांवरची मुलेही येत. कोणी अर्धा तास, कोणी तासभर चालून येई. ती आत येत नसत. त्यांना कोणी ‘येऊ नका’ असे म्हटले नव्हते आणि कोणी ‘या’ असेही म्हटले नव्हते. ती ओटीच्या पायरीशी आणि खिडकीच्या गजांशी उभी राहत. खिडकी लहान, एका वेळी चार मुखे मावत. ती आपसांत पाळी लावून घेत. मी शिक्षक. आठवड्यातील सहा दिवस हीच मुले माझ्या वर्गात एका रांगेत बसत. सातव्या दिवशी ती खिडकीबाहेर असत आणि त्यात काही वावगे आहे असे माझ्या मनातही आले नाही.

खिडकीशी एक मुलगा नेहमी असे. वय नऊ दहा वर्षांचे. नाव सांगत नाही. एका रविवारी त्याने गजांतून मला विचारले, “गुरुजी, तो लांब कानांचा आपल्यातला नाही ना?” मी म्हणालो, “नाही. तो दुसऱ्या ग्रहाचा.” त्याने पुन्हा विचारले, “मग तो आत कसा बसतो?”

मी हसलो. सगळेच हसले. मी उत्तर दिले, “अरे, तो फार हुशार आहे म्हणून.”

तो मुलगा वर्गात पहिला येत असे. हे मला ठाऊक होते, आणि त्यालाही ठाऊक होते. तो काही बोलला नाही. चौथीनंतर, दिवाळी झाल्यावर, तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. आपल्या मोखाडा तालुक्यातून दर वर्षी किती कुटुंबे अशी जातात ते आपण पाहतोच. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी काही महिने ‘गैरहजर’ लिहीत राहिलो. पुढे ते नावच पटावरून गेले.

असो. ही झाली जुनी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांच्या उपचारासाठी मी पुण्यास पुतण्याकडे महिनाभर राहिलो. हा पुतण्या त्या काळी सतरंजीवर पहिल्या रांगेत असे. आज तो अभियंता आहे. एका सायंकाळी तो म्हणाला, “काका, तुमची इंधन संपणारी मालिका पाहायची का?” त्याने भिंतीएवढ्या पडद्यावर ती लावली. रंगीत चित्र, स्वच्छ आवाज आणि खाली इंग्रजी संवादांच्या ओळी छापलेल्या. चाळीस वर्षांत माझे इंग्रजी वाचनाने थोडे सुधारले आहे; कानांना न कळणारे डोळ्यांना कळते. आम्ही रोज दोन भाग पाहू लागलो.

आरंभी पुष्कळ हसलो. परग्रहावरचे खडक पुठ्ठ्याचे आहेत हे उघड दिसते. राक्षस म्हणजे केसाळ पोशाखातील माणूस. आपल्या मोखाड्याच्या बोहाड्यातील सोंगे त्याहून कितीतरी भारदस्त! माणसे प्रकाशाच्या झोतात विरघळून क्षणात ग्रहावर उतरतात, त्या युक्तीचे आम्हांला केवढे नवल वाटे. पुतण्याने सांगितले की, दर भागात नौका जमिनीवर उतरविण्याचे चित्रण खर्चाचे झाले असते, म्हणून ती युक्ती निघाली. गरज ही शोधाची जननी, हे तेथेही खरेच. कप्तानाच्या हातातील झाकण उघडून बोलण्याचे यंत्र पाहून मी खिशातील भ्रमणध्वनीवर हात ठेवला. आमच्या पाड्यांवर आज ते यंत्र आले आहे. मात्र ते लागावे म्हणून अजूनही कोठे कोठे टेकडीवर चढावे लागते.

पण चार दिवसांनी हसणे कमी झाले. मी जे रचून सांगितले होते त्याहून तेथे फार निराळे बोलले जात होते. नौकेच्या सूत्रस्थानी कोण कोण बसले आहे ते प्रथमच नीट पाहिले. संदेश पाहणारी अधिकारी उहुरा ही आफ्रिकी वंशाची कृष्णवर्णीय स्त्री. तिचे नाव स्वाहिली भाषेतील स्वातंत्र्य या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले. सुकाणूवर सुलू; ती भूमिका करणारे जॉर्ज टाकेई हे जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांस छावण्यांत कोंडले होते. टाकेई यांचे बालपण कुटुंबासह अशा छावणीत गेले. १९६७ पासून त्यांच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन तरुण येऊन बसतो आणि तेव्हा अमेरिका व रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे होते. म्हणजे ज्यांच्याशी काल वैर होते आणि ज्यांच्याशी त्या दिवशीही होते, त्यांस निर्मात्याने एका बाकावर बसविले.

उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी एक प्रसंग अनेकदा सांगितला आहे. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडून रंगभूमीवर परतणार होत्या. एका समारंभात त्यांची डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. त्यांनी मालिका न सोडण्याचा आग्रह केला. कृष्णवर्णीय स्त्री इतरांच्या बरोबरीने, मानाच्या जागी बसलेली घरोघर दिसते, ही गोष्ट लहान नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकोल्स राहिल्या.

हे वाचताना मला किंग यांचीच दुसरी हकिकत आठवली. ते १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रम येथे तेव्हा अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या समाजाच्या मुलांची एक शाळा पाहावयास ते गेले. मुख्याध्यापकांनी मुलांस त्यांची ओळख करून दिली ती ‘अमेरिकेतील तुमच्यासारखाच एक अस्पृश्य’ अशा अर्थाची. किंग यांनी १९६५ साली एका प्रवचनात सांगितले की, प्रथम त्यांस धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातील बांधवांची स्थिती डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी मनाशी म्हटले की, होय, मी अस्पृश्यच आहे. सांगावयाचे तात्पर्य, जो दूरचा म्हणून आपण पाहतो त्याच्या गोष्टीत आपले गाव असते. फक्त मुंग्या जाऊन चित्र स्वच्छ व्हावे लागते.

एका भागाविषयी मी थोडे विस्ताराने सांगतो. तो अमेरिकेत १० जानेवारी १९६९ रोजी दाखविला गेला. नौकेवर दोन परग्रहवासी येतात. दोघांचेही चेहरे मधोमध विभागलेले; एक बाजू कोळशासारखी काळी, दुसरी खडूसारखी पांढरी. एक अधिकारी आहे, दुसरा फरारी. पहिला दुसऱ्याचा पाठलाग पन्नास हजार वर्षे करीत आहे. हा भाग पोशेऱ्यात पाहिल्याचे मला पक्के स्मरते, कारण मुले ‘बोहाड्यातले सोंग, बोहाड्यातले सोंग’ म्हणून ओरडली होती. मी त्यांस सांगितले की, हे सख्खे भाऊ आहेत आणि वडिलोपार्जित जमिनीवरून भांडत आहेत. दोघे मला अगदी सारखे दिसत होते आणि भाऊबंदकीवाचून एवढे भांडण होते कशास?

पुण्यास तो भाग पुन्हा पाहिला. कप्तान कर्कलाही माझ्यासारखेच वाटते. स्पॉक म्हणतो की, तुम्ही दोघे एकाच जातीचे दिसता. त्यावर तो अधिकारी थक्क होतो. एवढी उघड गोष्ट यांस दिसत कशी नाही? तो आपल्या चेहऱ्याकडे बोट दाखवितो. तो स्वतः उजव्या बाजूस काळा आहे. आणि तो दुसरा, त्याचे सगळे लोक, उजव्या बाजूस पांढरे आहेत! एवढ्यावर एकाची जात राज्य करणारी आणि दुसऱ्याची राबणारी. शेवटी नौका त्यांच्या ग्रहाजवळ पोहोचते, तेव्हा कळते की तेथे कोणीच उरलेले नाही. सर्वांनी एकमेकांस मारून टाकले आहे. नगरे ओस पडली आहेत. तरीही ते दोघे थांबत नाहीत. ते त्या मेलेल्या ग्रहावर भांडण पुढे चालविण्यास उतरतात.

मंडळी, पुतण्या म्हणाला, “काका, तेव्हा आपल्याला फरक दिसलाच नव्हता.” मी म्हटले, “बाबा, पडद्यावरचा दिसला नव्हता. घरातला मात्र न सांगता दिसत होता.” कोण सतरंजीवर, कोण पायरीशी, हे ठरविण्यास आम्हांला कोणाचा चेहरा निरखावा लागला नव्हता.

दुसरा एक भाग १६ फेब्रुवारी १९६७चा. त्यात नौकेला एक जुने यान सापडते. यानात काही माणसे शतकानुशतके निद्रिस्त आहेत. त्यांचा नायक जागा होतो. त्याचे नाव खान नूनियन सिंग. हा आपल्या उत्तर हिंदुस्थानचा, बहुधा शीख असावा, असे नौकेवरील इतिहासकार स्त्री म्हणते. भूमिका केली ती रिकार्डो मोंतालबान या मेक्सिकन नटाने! शास्त्रज्ञांनी निवडक पैदाशीने निर्माण केलेली ही श्रेष्ठ माणसे. बळाने आणि बुद्धीने इतरांच्या कित्येक पट. कथेप्रमाणे याने १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागावर सत्ता गाजविली होती. तो नौकेवरील लोकांचे औषधपाणी घेतो, त्यांचे ग्रंथ वाचतो आणि मग त्यांचीच नौका बळकावू पाहतो. आपण जन्माने श्रेष्ठ, म्हणून सत्ता आपली, एवढाच त्याचा युक्तिवाद.

हा भाग पाहताना १९९२ या सालाने मी थबकलो. लेखकांनी पंचवीस वर्षे आधी त्या सालासाठी श्रेष्ठ मानव कल्पिला. ते साल आले तेव्हा आपल्याकडे काय घडले? त्याच वर्षी आपल्या शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी महाराष्ट्रभर गेली. कुपोषणाने मुले गेली. मंत्री आले, पत्रकार आले, योजना आल्या. आमच्याकडे जन्मणाऱ्यांचा प्रश्न श्रेष्ठ कोण हा नव्हताच. जगेल कोण हा होता. ज्या भूमीत मूल पाच वर्षांचे होईल की नाही याची शाश्वती नसे, तेथे जन्माचा अभिमान बाळगणे किती शोभते याचा विचार करावा.

ही मालिका निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात स्त्रियांस आखूड पोशाख आणि बहुतेक वेळा दुय्यम काम. कप्तान बुद्धीने सुटणारा प्रश्न पुष्कळदा मुष्टीने सोडवितो. समानतेची कथा सांगणाऱ्या नौकेचा कप्तान गोरा अमेरिकनच आहे. परंतु दोष असूनही तिने एक गोष्ट धरून ठेवली. नौकेवर कोणास कोठे बसवावयाचे हे त्याच्या कामावरून ठरले. खुद्द स्पॉक मिश्र विवाहाचे अपत्य आहे. आई पृथ्वीवरची, वडील दुसऱ्या ग्रहाचे. मुलाने आपल्या मनाचा मार्ग धरला म्हणून बापलेक अठरा वर्षे एकमेकांशी नीट बोललेले नसतात. हे पाहताना मला आपल्या सर्वसाधारण सभांची आठवण झाली. कोणत्या विषयावर येथे आवाज चढतात ते मी सांगावयास नको!

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो. डॉक्टर जयंत नारळीकर आपल्यातून २० मे २०२५ रोजी गेले. जगात कीर्ती मिळविलेला हा शास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेस त्यांनी कथा पाठविली ती स्वतःच्या नावाने नव्हे. आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव त्यांनी घेतले. नावाकडे पाहून गुण दिले जाऊ नयेत, कथेकडे पाहून दिले जावेत, एवढाच हेतू. कथेस पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेस एक मोठा लेखक मिळाला. मोठ्या माणसाने नाव झाकून परीक्षा दिली. आपल्या पाड्यावरच्या मुलास ते शक्य नाही. त्याचे नाव ऐकताच आपण त्याची जागा ठरवितो.

आता कोणी म्हणेल, गुरुजींस ज्ञातिमंडळच नको झाले काय? तसे नाही. मी कृतघ्न नाही. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी मंडळाच्या पूर्वसूरींनी भरली. ज्ञातीच्या वसतिगृहात मी दोन वर्षे जेवलो. ती सोय नसती तर आज मी आपणांसमोर या व्यासपीठावर नसतो. ज्या काळी कोणी कोणास विचारीत नव्हते, त्या काळी आपल्या वडिलांनी पै पै जमवून ही संस्था उभी केली, ती आपल्या मुलांस कोठल्या तरी दाराबाहेर उभे राहावे लागू नये म्हणून. बाहेर उभे राहणे म्हणजे काय हे त्यांस ठाऊक होते. प्रश्न एवढाच की, आपण आत आल्यावर ते विसरलो काय?

येथे मी मूळ मुद्द्यास येतो. तीन वर्षांपूर्वी मंडळाने पोशेऱ्यात अभ्यासिका बांधली. देणगीदारांचे उपकार थोर आहेत. चांगली खोली आहे, पुस्तके आहेत, दिवा आहे, पंखा आहे. चोवीस खुर्च्या आहेत. देखरेखीचे काम मजकडे असल्याने सांगतो, सायंकाळी त्यांतील आठ नऊ भरतात. आपली बहुतेक मुले आता नाशिक, ठाणे, पालघर येथे शिकतात. नियमावलीत कलम आहे की, अभ्यासिका केवळ सभासदांच्या पाल्यांसाठी राहील. ते कलम लिहिणाऱ्यांत मीही होतो. अक्षर माझेच आहे.

मागच्या दिवाळीपासून एक मुलगी अभ्यासिकेच्या ओट्यावर येऊन बसते. इयत्ता पाचवी. तिच्या पाड्यावर संध्याकाळी वीज असते आणि नसते. ओट्यावर आमच्या खिडकीचा उजेड पडतो. त्या उजेडात ती गणिते सोडविते. पहिल्या दिवशी मी तिला नाव विचारले, बापाचे विचारले, आजोबांचे विचारले. आजोबांचे नाव ऐकले आणि मी खुर्चीवर बसलो. खिडकीच्या गजांतून मला प्रश्न विचारणाऱ्या मुलाची ती नात.

चाळीस वर्षे झाली. खिडकी बदलली, भिंत कुडाची होती ती विटांची झाली. विटा कोणी पाडल्या असतील ते देवास ठाऊक. मूल मात्र तेथेच आहे.

मी तिला त्या दिवशी आत घेतले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. नियम माझ्या हातचा होता आणि तो मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. मी दिवा खिडकीजवळ सरकविला. चौसष्ट वर्षांच्या शिक्षकाने एवढेच केले. म्हणून आज सर्वांसमक्ष मी सूचना मांडतो की, ते कलम बदलावे आणि अभ्यासिका गावातील व पाड्यांवरील प्रत्येक शिकणाऱ्या मुलास खुली करावी.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पैसा आपला आहे. खरे आहे, आणि खुर्च्या रिकाम्या आहेत हेही खरे आहे. पुस्तके हरवतील. आपल्या मुलांनीही हरविली आहेत. नोंदवही मजकडे आहे, नावे वाचून दाखवीत नाही. आपल्या मुलांस जागा उरणार नाही. ज्या दिवशी पंचविसावे मूल येईल त्या दिवशी मी माझी खुर्ची देईन आणि आणखी बाके करून घेण्यासाठी आपल्या दारी झोळी घेऊन येईन. एक आक्षेप कोणी उघड बोलणार नाही. त्याचे उत्तर त्या उभ्या विभागलेल्या चेहऱ्यांच्या गोष्टीत आले आहे.

शेवटी एक लहानशी गोष्ट सांगून आपली रजा घेतो. त्या नौकेवर दारे होती. माणूस जवळ आला की दार ‘श्श्’ असा आवाज करून आपोआप बाजूस सरे. तू कोण, कोठला, असे ते विचारीत नसे. पोशेऱ्यातल्या मुलांस साऱ्या मालिकेत त्या दारांचे नवल सर्वांत अधिक. मी त्यांस सांगितले होते की, भविष्यात यंत्रे इतकी सुधारतील की दारे आपली आपण उघडतील. पुण्यास पुतण्याने मला खरे काय ते सांगितले. तेथे यंत्र नव्हते. भिंतीआड माणसे उभी असत आणि नट जवळ आला की ती दार हातांनी ओढीत. नटाचे पाऊल आणि त्यांचा हात जुळला नाही तर नट दारावर आदळे.

चाळीस वर्षे मी मुलांस हेच खोटे सांगितले की, काळ पुढे गेला की दारे आपोआप उघडतील. शिक्षण आले की उघडतील, वीज आली की उघडतील, रस्ता आला की उघडतील. ती तशी उघडत नाहीत. आड उभे राहून कोणीतरी ओढावी लागतात. आपली सूचना मंजूर झाली तर उद्या सायंकाळी अभ्यासिकेचे दार मी ओढीन. नामंजूर झाली तर पुढील वर्षीच्या सभेत, प्रकृतीने साथ दिल्यास, हीच सूचना पुन्हा मांडीन.